पाठीतला चिरा : मानवी देह वास्तवाकडून अतिवास्तवाकडे नेताना

माणसाची आकृती हुबेहूब काढायची आणि मग तिच्यातच प्रत्यक्षात कधी घडणार नाही असं काही घडवायचं, हे काम जून २०२४ मध्ये हाती घेतलं. जानेवारी २०२६ मध्ये त्यातली चित्रं भिंतीवर लागली. देवगड तालुक्यात राहून हे करताना परवानगी कोणाकडे मागायची, मॉडेल कुठून आणायचं, पावसाळ्यात तैलरंगांचं काय होतं, हे सगळं तुकड्या-तुकड्यांनी शोधावं लागलं. मागून येणाऱ्यांची शोधाशोध वाचावी म्हणून क्रमाने लिहिते आहे.

आधी एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अतिवास्तव चित्रात अशक्य गोष्ट एकच ठेवावी. प्रकाश आणि वजन या दोन बाबतीत चित्र काटेकोरपणे खरं असलं, तरच ती एक गोष्ट बघणाऱ्याच्या गळी उतरते. म्हणून हाडांपासून सुरुवात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात अर्ज दिला. अर्ज अधिष्ठात्यांच्या नावे, पण शरीररचनाशास्त्र विभागप्रमुखांमार्फत द्यायचा. थेट वरच्या टेबलावर दिलेला कागद पुन्हा खालीच येतो आणि त्यात आठवडे जातात. अर्जात चार गोष्टी स्वच्छ लिहाव्यात : फक्त सुटी हाडं आणि प्रतिकृती बघायच्या आहेत, साहित्य म्हणजे पेन्सिल-कागद, मोबाईलने फोटो काढणार नाही, आणि विभागाच्या सोयीच्या वेळी येईन. सोबत आधारची प्रत आणि कलाशिक्षकांचं पत्र. दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यायचा. पुढे चौकशीला गेलं की पहिला प्रश्न त्या क्रमांकाचाच येतो. उत्तर यायला महिना उलटला. त्या काळात मन फार खालीवर होतं, आपण काही वावगं मागितलंय की काय असं वाटत राहतं. तसं काही नसतं. कागद टेबलावरून टेबलावर जातो आहे, एवढंच. शवविच्छेदन कक्षात जाऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे. देहदान केलेलं असतं ते वैद्यकीय शिक्षणासाठी.

शरीरात २०६ हाडं असली तरी चित्रकाराला सगळी पाठ लागत नाहीत. वेळ द्यावा तो खांद्याचं पातं, कॉलरबोन (गळ्याखालचं आडवं हाड), पेल्विस (कंबरेचा हाडांचा सांगाडा), कोपरापुढची दोन हाडं आणि घोटा यांना. खांद्याचं पातं बरगड्यांना सांध्याने जोडलेलं नसतं. ते स्नायूंच्या आधाराने पाठीवर सरकतं, आणि हाडाशी हाड असा त्याचा धडाशी संबंध येतो तो फक्त पुढून, कॉलरबोनमार्फत. हात पूर्ण वर नेला तर १८० अंशांपैकी साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० अंश पातं फिरल्याने. हे माहीत नसलं की वर उचललेला हात धडाला चिकटवल्यासारखा दिसतो. कोपरापुढे अंगठ्याच्या बाजूचं हाड रेडियस, करंगळीच्या बाजूचं अल्ना. तळहात पालथा केला की रेडियस अल्नावरून ओलांडून जातं, म्हणूनच पालथ्या हाताची रुंदी आणि सुलट्या हाताची रुंदी वेगळी दिसते. घोट्याचं आतलं हाड बाहेरच्यापेक्षा वर असतं. पोटरीचं उलट : आतला फुगवटा खालपर्यंत उतरतो, बाहेरचा वर संपतो. एवढे दोन तिरपे सांभाळले तर पाय जमिनीवर नीट टेकतो.

प्रत्येक हाड निदान तीन बाजूंनी काढावं, आणि घरी आल्यावर तेच स्मरणाने पुन्हा. जे आठवत नाही ते आपण पाहिलेलंच नसतं.

पाऊस उघडेपर्यंत खाकी कागदावर सराव चालला. खाकी कागदाचा रोल पॅकिंगच्या दुकानात मिळतो, ड्रॉइंग पेपरच्या मानाने खूपच स्वस्त. त्याचा मधला रंग फुकटात मिळणारी मध्यछटा आहे : गडद तेवढं कोळशाने, उजळ तेवढं पांढऱ्या खडूने, बाकी कागद सोडून द्यायचा. हा कागद आम्लयुक्त असतो, काही वर्षांत ठिसूळ होतो, म्हणून त्यावर फक्त अभ्यास करावा. मापांसाठी डोक्याची उंची एकक धरतात. प्रत्यक्षातली माणसं साडेसात डोक्यांच्या आसपास असतात, आदर्श म्हणून शिकवलेली आठ डोकी क्वचितच दिसतात. उभ्या माणसाचा मध्य बेंबीवर नसून जांघेच्या हाडाशी येतो, आणि डोळे कवटीच्या उंचीच्या मध्यावर. नवशिके कपाळ हमखास आखूड काढतात ते यामुळेच. गवंड्याचा ओळंबा चाळीस-पन्नास रुपयांना मिळतो, तो मॉडेलच्या बाजूला टांगून ठेवावा. मानेचा खड्डा वजन घेतलेल्या पायाच्या घोट्याच्या बरोबर वर येतो का, हे त्याच्याइतकं कोणी सांगत नाही.

ऑक्टोबरपासून जिवंत मॉडेल. गावात मॉडेल मिळत नाही असं सगळे म्हणतात. माझ्या मते आपण विचारतो चुकीच्या ठिकाणी. अंगमेहनतीचं काम करून थकलेली, घरी वेळ असलेली वडीलधारी माणसं शांतपणे ऐकून घेतात. चिरेखाणीत, म्हणजे जांभा दगडाचे ठोकळे (चिरे) काढतात तिथे, वर्षानुवर्षं काम केलेले वाडीतले एक काका तयार झाले. घरच्यांसमोर बोलणं झालं, आधीची रेखाटनं दाखवली, पंचा नेसून बसायचं-उभं राहायचं ठरलं. अर्ध्या दिवसाचे चारशे रुपये आणि चहा-नाश्ता. साध्या कागदावर मराठीत संमतिपत्र केलं : वय १८ पूर्ण, कोणत्या वेषात, फोटो काढायचे की नाही, चित्र प्रदर्शनात लावायला आणि विकायला हरकत नाही, चेहरा ओळखू येईल की नाही, आणि कधीही थांबण्याचा हक्क. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, एक प्रत त्यांच्याकडे. हा कागद पुढे सभागृहाच्या अर्जाला जोडावा लागला.

बैठकीची पद्धत अशी. सुरुवातीला एकेक मिनिटाच्या दहा पोझेस, मग पाच मिनिटांच्या, शेवटी वीस मिनिटांची एक लांब पोझ आणि पाच मिनिटं विश्रांती. विश्रांतीआधी पायांभोवती खडूने रेघ, हात टेकला असेल तिथे चिकटपट्टी. वीस मिनिटांत शरीर खचतं : वजन नसलेल्या बाजूचं कंबरेचं हाड आणखी खाली येतं, मान पुढे झुकते. म्हणून कंबर आणि खांद्यांचा कल पहिल्या पाच मिनिटांत पक्का करावा आणि नंतर बदलू नये. "बाय, पाय बधिर झालो," असं काकांनी म्हटलं की त्याच क्षणी थांबायचं. अजून दोनच मिनिटं, असं म्हणू नये.

उजेडासाठी पडवीपेक्षा माजघर बरं. पडवीत अंगणातून परावर्तित उजेड खालून येतो आणि आकार चपटा होतो. उत्तरेकडच्या उतारावर दोन कौलं काढून काचेची कौलं बसवली की वरून एकाच बाजूचा स्थिर उजेड मिळतो. सकाळी ऊन थेट पडत असेल तर आतून बटरपेपर लावावा. एकाच उगमातून आलेल्या उजेडाने देह किती उलगडतो, हे पाहायचं तर सावंतवाडीला जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आठवावं. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हे जलरंगातलं चित्र, हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं. त्यातला हात पाहून समजतं की कातडी पूर्ण अपारदर्शक नसते, ज्योतीजवळची बोटं आतून तांबडी उजळतात. उन्हात कानाची पाळीही तशीच.

फोटो घ्यायचाच असेल तर मोबाईल दहा-बारा फुटांवर न्यावा आणि तिथून झूम करावं. तीन फुटांवरून घेतलेल्या फोटोत पुढचा हात सुजल्यासारखा मोठा येतो, आणि फोटोवरून काढणाऱ्यांच्या चित्रांत तो दोष तसाच उतरतो.

दिवाळीनंतर तैलरंग. कोकणात कापडी कॅनव्हास मला पटत नाही. दमट हवेत तो सैल पडतो, कोरड्या वाऱ्यात ताणतो, आणि या ओढाताणीत रंगाला भेगा जातात. त्याऐवजी १२ मिमी मरीन प्लाय. आठ बाय चार फुटांचा एक तक्ता कणकवलीला साडेतीन हजारांच्या आसपास पडला, त्यातून ४८ बाय ३२ इंचांचे तीन फलक निघतात. एकेक सात-आठ किलोचा होतो, तेवढं सोसावं. कडा आणि मागची बाजूही रंगवून बंद करायची. पुढची बाजू तेवढी रंगवली तर ओल मागून शिरते आणि फळी वाकते. लाकडातला पिवळा रस वर झिरपतो, म्हणून आधी अॅक्रिलिक माध्यमाचे दोन हात, मग गेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) चार हात, प्रत्येक आधीच्याला काटकोनात, मध्ये बारीक पॉलिशपेपर. त्यानंतर तीन दिवस थांबायचं. फ्रेमला आणि मागच्या पट्ट्यांना लोखंडी खिळे नकोत. खाऱ्या हवेत त्यांना वर्षभरात गंज चढतो आणि डाग पुढे येतो. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत. रंग, तेल, ब्रश मिळून नऊ हजारांच्या आत बसलं.

पहिला थर बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा, टर्पेंटाइनमध्ये पातळ. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे ते लवकर सुकतं. काळा आणि टायटॅनियम पांढरा रेंगाळतात. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, हा नियम मोडला तर वरचा थर आधी आक्रसतो आणि फाटतो. झिंक व्हाइट स्वस्त आणि सुंदर असतो, पण कालांतराने ठिसूळ होऊन पापुद्रे सुटतात. जाड थरात तो वापरू नये. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल सुकताना उष्णता निर्माण करतं, बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या दोरीवर पसरून सुकवायच्या नाहीतर पाण्यात बुडवायच्या.

उन्हातल्या सावळ्या कातडीसाठी 'स्किन टिंट' ट्यूब विकत घेऊ नका. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि पांढरा पुरतात, ओठ-कानाच्या ठिकाणी थोडा लाल. सावळ्या कातडीवर मध्यछटा आणि चकाकी यांतलं अंतर जास्त दिसतं, आणि ती चकाकी पांढरी नसून आकाशाची निळसर असते. काकांचा उजवा हात मी जवळून बराच काळ पाहिला. मनगटावर करंगळीच्या बाजूला अल्नाचं टोक गोलसर वर आलेलं, त्यावर कातडी ताणलेली म्हणून तिथे थंड उजेड. अंगठा आणि तर्जनीमधल्या पडद्यावर घट्टे, तिथे रंग पिवळट आणि चमक अजिबात नाही. नखांभोवती लाल, बोटांच्या पेरांवर तांबूस तपकिरी, कारण तिथे कातडी दुमडून साठते. शिरा निळ्या दिसतात, पण निळा लावला की गोंदल्यासारख्या वाटतात. अल्ट्रामरीन आणि सिएनाचा साधा राखाडी लावला तरी शेजारच्या नारिंगी छटेमुळे तो निळाच दिसतो.

हे इथवर आलं की अतिवास्तवाची वेळ. १९२४ साली फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँने पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. त्या मंडळींकडून घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, बेल्जियन चित्रकार मॅग्रितसारखा थंड, नीटनेटका हात, अशक्य गोष्टसुद्धा पाटीवरच्या अक्षरासारखी स्वच्छ काढणारा. दुसरी, जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्टची घासण्याची युक्ती. १९२५ मध्ये समुद्रकाठच्या एका खानावळीत त्याने लाकडी जमिनीवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेल्या रेषांतून आकार शोधले. आपल्याकडे त्यासाठी जांभा आहे. चिऱ्याच्या गडग्यावर (कुंपणाच्या भिंतीवर) पातळ कागद धरून ग्रॅफाइटची कांडी आडवी फिरवली की भोकं, नळ्या, गाठी उमटतात, आणि त्यांत मणके, बरगड्या, कातडीची छिद्रं दिसू लागतात. कागद कोरडा हवा, दगडही. चिरा फेब्रुवारीनंतरच खडखडीत होतो.

एक कळकळीची विनंती. हे कातळशिल्पांवर कधीही करू नका. राजापूर तालुक्यातलं बारसू, मालवण तालुक्यातलं कुडोपी इथल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, कोरलेल्या मनुष्याकृती आहेत, आणि ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. त्यांवर खडू, कोळसा, पाणी, पाय, काहीही नको. बाजूला बसून काढावं, सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, म्हणजे तिरप्या उजेडात खाचा आपोआप दिसतात. भर दुपारी काहीच दिसत नाही. देहाचं इतकं धीट सुलभीकरण आपल्याच सड्यावर आहे, ते पाहिल्यावर हात मोकळा होतो.

मार्च २०२५ मध्ये मुख्य चित्राची रचना ठरली : पाठमोरा उभा माणूस, खांद्याच्या पात्यांमधली कातडी जांभ्यात बदललेली, तिथला एक चिरा काढून घेतलेला, आणि तोच चिरा त्याच्या उजव्या हाताने कंबरेशी धरलेला. इथे वजनाचा प्रश्न येतो. १४ बाय ९ बाय ७ इंचांचा चिरा तीस किलोच्या पुढे भरतो. तेवढा भार उजव्या बाजूला असेल तर कणा डावीकडे झुकतो, डावा हात अंगापासून दूर जातो, कंबरेच्या डाव्या बाजूचे पाठीचे स्नायू दोरखंडासारखे उठतात. चित्रातला चिरा हलका वाटला की सगळं नाटकी होतं. यासाठी काकांना खरा चिरा धरायला लावू नये. पाच-सहा किलोची पिशवी देऊन कल पाहावा, आणि ताणलेल्या स्नायूंसाठी भिंतीवर हाताने दाब द्यायला सांगून वेगळं रेखाटन करावं.

कातडीचा दगड कुठे होतो ती जागा सगळ्यात अवघड. बदल उजेडात किंवा गडद सावलीत दाखवला तर तो चिकटवलेला वाटतो. तो मध्यछटेत करावा, जिथे उजेड संपून सावली सुरू होते, कारण पोत तिथेच नैसर्गिकपणे दिसतो. पहिल्या इंचभरात छटा अजिबात बदलायची नाही, फक्त छिद्रं येऊ द्यायची. पुढच्या इंचात कड हळूहळू टणक करायची. रंगाची अडचण येत नाही : ताज्या कापलेल्या जांभ्याचा तांबडा-पिवळाही सिएना, ऑकर आणि अल्ट्रामरीन यांतूनच निघतो. काढलेल्या चिऱ्याच्या पोकळीला जाडी हवी, आणि आतल्या वरच्या कडेची सावली पाठीवरच्या उजेडाच्याच दिशेने पडायला हवी. आतला तळ निव्वळ काळा ठेवू नये, थोडा तांबूस उजेड आत परतलेला दाखवावा. पोकळीतून समुद्र दाखवायचा मोह होतो. तो टाळला, कारण मग अशक्य गोष्टी दोन झाल्या असत्या.

आगोटीच्या आत, मे अखेरीस, रंगकाम थांबवावं. पावसात थर सुकायला दुप्पट वेळ लागतो आणि ओलसर पृष्ठभागावर बुरशी धरते. चित्रं जमिनीपासून चार इंच लाकडी पट्ट्यांवर, चिऱ्याच्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत, कारण जांभ्याची भिंत ओल ओढते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये, आत घाम धरतो. दारं-खिडक्या बंद असलेल्या अंधाऱ्या खोलीत जवसाचं तेल पिवळं पडतं आणि पांढरे भाग हळदीसारखे दिसायला लागतात. पहिल्यांदा हे पाहून पोटात गोळा येतो. घाबरू नये, उघडीप मिळाली की थेट ऊन न लागेल अशा उजेडात काही आठवडे ठेवल्यावर हा पिवळेपणा बराचसा जातो. कडेला आलेली बुरशी मऊ कोरड्या ब्रशने, घराबाहेर, तोंडाला कापड बांधून झाडावी.

सप्टेंबरमध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या सभागृहासाठी अर्ज केला. तारखा, चित्रांची संख्या, मॉडेलचं संमतिपत्र, आणि अर्धवस्त्र देहचित्रं आहेत असा स्पष्ट उल्लेख. हे लपवू नये. तीन दिवसांचं भाडं साडेचार हजार, अनामत तीन हजार, वीज वेगळी. मंजुरी नोव्हेंबरअखेर मिळाली. पोलीस ठाण्यात माहितीचं पत्र देऊन पोच घेतली, ते सक्तीचं नव्हतं तरी मन शांत राहतं. कोणी अश्लीलतेचा प्रश्न काढलाच तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये कलेच्या हितासाठी असलेल्या, लोकहिताच्या ठरणाऱ्या कृतींना अपवाद आहे, हे माहीत असावं. चित्रकार अकबर पदमसी यांच्यावर १९५४ साली मुंबईत याच कारणासाठी खटला झाला होता आणि उच्च न्यायालयाचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला होता. प्रत्यक्षात लोकांनी प्रश्न विचारले ते स्नायूंबद्दल, आणि चिरा खरा वाटतो म्हणून खाणीतली माणसं चित्राजवळ जाऊन बघत होती.

अंतिम वार्निश रंगकाम संपल्यावर निदान सहा महिन्यांनी, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी. दमट हवेत लावलं तर वर धुरकट पांढरी साय येते. टेम्पोतून नेताना चित्रावर बटरपेपर, त्यावर बबलरॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. आत ठेवले तर कोवळ्या रंगावर गोल ठसे उमटतात. मागे लेबल : नाव, शीर्षक, माध्यम, माप, वर्ष. रेखाटनांच्या छायाप्रतींचा एक संच वैद्यकीय महाविद्यालयाच्या विभागाला दिला, पुढच्या अर्जदाराला त्याचा उपयोग होईल. अनामत परत मिळायला मूळ पावती, सभागृह रिकामं केल्याचा शेरा आणि रद्द केलेला धनादेश लागतो. छायाप्रत चालत नाही, तेव्हा पहिल्या दिवशीच पावती वेगळ्या पाकिटात ठेवा.